रस्ता आला म्हणून रूमचा भाव वाढत नाही



समृद्धी महामार्गाचा शेलूबाजारचा इंटरचेंज आमच्या आसेगावहून लांब नाही. तो सुरू झाल्यापासून आपल्या भागातल्या तरुणांचा एक प्रश्न मला सारखा ऐकू येतो. "सर, रस्ता झाला, आता लॉज टाकू का? आहे त्या लॉजचं रिनोव्हेशन करून भाव वाढवू का?" कोणाच्या डोक्यात पोहरादेवी असते, कोणाच्या लोणार, कोणाच्या शेगाव. ज्यांच्या घरात जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आलेत, त्यांचा प्रश्न जास्तच गंभीर असतो. तो पैसा एकदाच येतो. परत येत नाही.

व्हिडिओत मी थोडक्यात बोललो होतो. इथे हिशेबासकट सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: नवा रस्ता भाव वाढवत नाही, तो गिऱ्हाईक बदलतो. आणि रिनोव्हेशन भाव वाढवत नाही, ते फक्त नव्या गिऱ्हाइकाला हवी ती रूम देतं. या दोन गोष्टींचा क्रम उलटा केला की हप्ता सुरू होतो आणि गल्ला तिथेच राहतो.

शिर्डीकडे बघा

आपल्याला अभ्यासासाठी शिर्डीसारखं उदाहरण नाही. तिथे देवस्थान आहे, वेट एन जॉय वॉटर पार्क आहे, साईतीर्थ थीम पार्क आहे. म्हणजे म्हातारी माणसं दर्शनाला आणि लेकरं पार्कात, असा पूर्ण फॅमिली पॅक. आणि गेल्या काही वर्षांत शिर्डीला जायचे रस्ते एकामागून एक उघडले:

१ ऑक्टोबर २०१७ ला काकडीचं विमानतळ.
११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा.
१० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत.
२६ मे २०२३ ला शिर्डी–भरवीर टप्पा.
५ जून २०२५ ला इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा. ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण.

आता वरवर बघितलं तर वाटेल, एवढी माणसं येणार म्हणजे बजेट लॉजवाल्याची चांदीच चांदी. पण वंदे भारतचं वेळापत्रक नीट वाचा. गाडी सकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून निघते, दुपारी बाराच्या आत शिर्डीत. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तीच गाडी परत निघते आणि रात्री अकराच्या आत मुंबई. म्हणजे हातात साधारण साडेपाच तास. दर्शन झालं, प्रसाद झाला, घरी. जो माणूस आधी रात्रीच्या गाडीने यायचा, आंघोळीला रूम घ्यायचा, थकला म्हणून मुक्काम करायचा, त्याला आता मुक्काम लागतोच असं नाही.

आपल्याकडूनही तेच. शेलूबाजारला गाडी समृद्धीवर चढवली की साडेतीन-चार तासांत शिर्डी. पहाटे निघाला तर माणूस रात्री घरी येऊन झोपू शकतो. रस्ता माणसं आणतो आणि तोच रस्ता त्यांना घरीही नेतो. लॉजवाल्याने रस्त्याच्या दोन्ही बाजू बघायच्या असतात.

मग फायदा कोणाला?

मी वापरतो तो ठोकताळा सांगतो. एका बाजूचा प्रवास तीन तासांच्या आत आला की मुक्काम गळायला लागतो. चार ते सहा तास असेल तर एक रात्र पक्की. त्याच्या पुढचं गिऱ्हाईक पूर्वी यायचंच नाही, किंवा वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचं.

नवा रस्ता काय करतो? सगळ्यांचे तास कमी करतो. कालचा मुक्कामी आज ये-जा करणारा होतो, आणि काल जो येतच नव्हता तो आज मुक्कामी होतो. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक नाहीसं होत नाही, ते लांबच्या गावाला सरकतं. नाशिकवाला कमी होईल, नागपूर-अमरावतीवाला वाढेल. त्याला वेगळी रूम लागते. तो स्वतःच्या गाडीने येतो, म्हणून पार्किंग लागतं. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, म्हणजे येणारा कारवाला, आणि कारमध्ये चार-पाच माणसं. त्याला दोन डबल रूम नको असतात, एक चार जणांची रूम हवी असते. पार्कातून ओले कपडे घेऊन येतो, ते वाळत घालायला जागा हवी असते. संध्याकाळी लेकरं भुकेली असतात, त्यांना साधं वरण-भात-पोळी हवं असतं.

यात लॉबीतलं झुंबर कुठेच नाही, हे लक्षात आलं का?

मोठ्यांनाही हे सुटत नाही

तुम्हाला वाटेल हे छोट्या लॉजचं दुखणं आहे. तसं नाही. १२ एप्रिल १९९२ ला डिस्नेने पॅरिसजवळ पार्क उघडलं आणि सोबत सहा हॉटेलांत पाच हजारांहून जास्त खोल्या बांधल्या. पार्कच्या दारात थेट पॅरिसहून लोकल रेल्वे होती. झालं काय? माणसं सकाळी रेल्वेने आली, दिवसभर खेळली आणि झोपायला पॅरिसला परत गेली. खोल्यांचे दर लोकांना महाग वाटले. पहिल्याच हिवाळ्यात एक आख्खं हॉटेल बंद ठेवावं लागलं आणि नंतर दर खाली आणावे लागले. डिस्नेला रस्त्याची दुसरी बाजू दिसली नाही, तर आपण दहा रूमवाल्यांनी दुप्पट सावध राहायला पाहिजे.

आपल्या खोपोलीजवळचं इमॅजिका घ्या. २०१३ मध्ये सुरू झालं. जागा मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या जवळ, म्हणजे दोन्ही शहरांतून एका दिवसात जाऊन येण्यासारखी. पार्कच्या दारातच नोव्होटेल आहे, २८७ खोल्यांचं. ज्याला पार्कजवळच राहायचं आहे आणि खिशात पैसे आहेत, तो तिथे जातो. ज्याच्याकडे नाहीत, तो घरी जाऊ शकतो. बजेट हॉटेलवाल्याच्या वाट्याला मधलं गिऱ्हाईक उरतं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, तेव्हा दक्षिण मुंबईचा माणूस आणखी जवळ आला. म्हणजे घरी जाणंही आणखी सोपं झालं. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याचा परिणाम उलटा होऊ शकतो, कारण विमानाने लांबून येणारा त्याच रात्री परत जाईलच असं नाही. एकच जागा, दोन नवे मार्ग आणि दोन वेगळे परिणाम. म्हणून "कनेक्टिव्हिटी वाढली" या एका वाक्यावर कर्ज काढू नका.

आता वही काढा

समजा तुमचं दहा रूमचं लॉज आहे. भाव १,२०० रुपये, सगळ्या दिवसांना एकच. महिन्यात १३५ रूम जातात, म्हणजे ४५ टक्के. महिन्याचा धंदा १,६२,००० रुपये.

तुम्ही ८ लाखांचं कर्ज काढून रिनोव्हेशन केलं. १२ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो साधारण १७,८०० रुपये. १३५ रूमवर वाटला तर रूममागे १३२ रुपये. तुम्ही म्हणता, काही नाही, भाव १,४०० करू.

पण त्याच काळात रस्त्यामुळे मुक्काम थोडे गळाले आणि १३५ च्या १०५ रूम झाल्या. १०५ गुणिले १,४०० म्हणजे १,४७,०००. भाव वाढवूनही धंदा १५,००० ने कमी, आणि वर हप्ता. हातात राहिले १,२९,२००. रूम चकाचक, मालक चिंतेत.

आता तोच आकडा दुसऱ्या पद्धतीने बघा. त्या १३५ रूम सारख्या वाटलेल्या नसतात. शुक्रवार-शनिवारच्या आठ रात्री दहाच्या दहा भरतात, म्हणजे ८० रूम. उरलेल्या २२ रात्रींत फक्त ५५. म्हणजे तुमच्याकडे एक लॉज नाही, दोन लॉज आहेत. एक नेहमी फुल्ल, एक नेहमी ओस. आणि तुम्ही दोन्हींना एकच भाव लावून बसलात!

शनिवार-शुक्रवारला १,५०० करा, मधल्या दिवसांना १,१००. ८० गुणिले १,५०० म्हणजे १,२०,०००. ५५ गुणिले १,१०० म्हणजे ६०,५००. बेरीज १,८०,५००. महिन्याला १८,५०० ची वाढ, एकही फरशी न बदलता. सुट्टीच्या दिवसांची काही गिऱ्हाइकं गेली तरी घाबरू नका. ८० च्या ६८ झाल्या तरी तुम्ही जुन्या आकड्यापेक्षा थोडे वरच आहात.

माझ्या दुकानात दिवाळीचा माल आणि आषाढातला माल मी एका मार्जिनवर विकत नाही. रूम तर त्याहून नाशवंत. न विकलेला शर्ट उद्या विकता येतो, काल रात्रीची रिकामी रूम कोणालाच विकता येत नाही.

जीएसटीचा खड्डा

हे फार कमी जण सांगतात. १,६२,००० महिन्याला म्हणजे वर्षाला १९.४४ लाख. सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. तुम्ही भाव वाढवला, वर्षाला २१.६६ लाख झाले, आणि तुम्ही मर्यादेच्या पार गेलात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे एसी, टीव्ही, फर्निचर घेताना भरलेला जीएसटी तुम्हाला परत मिळत नाही, तो तुमचा खर्च. आणि तुम्ही "१,५०० ऑल इन्क्लुझिव्ह" असा बोर्ड लावला तर कर तुमच्या खिशातून जाणार, वर्षाला लाखभर रुपये. वाढ होती २.२२ लाखांची, त्यातले निम्मे तिथेच गेले, मग हप्ता कशातून भरणार? म्हणून भाव ठरवतानाच कर धरा, आणि रिनोव्हेशनचं कोटेशन सही करण्याआधी सीएकडे एक चक्कर मारा. तासाभराचं काम आहे.

मग रिनोव्हेशन करायचंच नाही का?

करायचं. पण क्रमाने.

पहिलं, दोन भाव लावून तीन महिने चालवा. आधी कमाई वाढवा, मग खर्च करा.

दुसरं, तीन महिने रजिस्टरमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचं गाव, किती माणसं आणि कशाने आले एवढं बघा. तुमचं रजिस्टर हाच तुमचा सर्व्हे. नागपूर वाढतंय की नाशिक कमी होतंय, ते तिथेच दिसेल.

तिसरं, आधी बाथरूम, गादी, गरम पाणी आणि पार्किंग. पाहुणा रिव्ह्यू लिहितो तो याच चार गोष्टींवर. पीओपी आणि लॉबी सगळ्यात शेवटी.

चौथं, दहा रूम एकदम तोडू नका. पाच करा, पाच चालू ठेवा, तेही ऑफ सिझनला आणि मधल्या वारी. तोडफोडीचा आवाज ऐकलेलं कुटुंब परत येत नाही आणि दहा जणांना सांगतं.

पाचवं, तुमच्यावरची कमान ओळखा. शेगाव असो की शिर्डी, संस्थानाचं भक्तनिवास स्वच्छ असतं, शिस्तीचं असतं आणि कमी दरात असतं. त्याच्याशी भावात लढू नका, हराल. तिथे जे मिळत नाही ते द्या: उशिरा चेक-इन, लेकरांचं जेवण, पार्कची माहिती, गाडी रूमसमोर.

आणि पोहरादेवीवाल्यांसाठी एक वेगळं. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत नंगारा संग्रहालयाचं उद्घाटन झालं. रामनवमीची यात्रा तर आहेच. पण यात्रा म्हणजे वर्षातले मोजके दिवस. त्या दिवसांची गर्दी बघून वीस रूमचा नकाशा काढू नका. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी तिथे जाऊन उभे राहा, संध्याकाळी सात वाजता किती गाड्या थांबतात आणि किती निघून जातात ते मोजा. लॉज बांधायचं की नुसतं चांगलं जेवणाचं हॉटेल आणि स्वच्छ संडास-बाथरूमची सोय करायची, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. ये-जा करणाऱ्याला रूम नको असते, पण भूक त्यालाही लागतेच. रस्त्याने मुक्काम नेला असेल तर जेवणाची ऑर्डर आणली असेल. धंदा तिथे करा.

शेवटी एवढंच. रस्ता सरकारचा आहे, पार्क कंपनीचं आहे, हप्ता मात्र तुमचा आहे. दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं कर्ज बांधू नका. या आठवड्यात एकच करा: मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टर काढून शुक्रवार-शनिवारच्या रूम आणि बाकीच्या दिवसांच्या रूम वेगळ्या मोजा. ज्यांचं लॉज अजून कागदावरच आहे, त्यांनी ओळखीच्या लॉजवाल्याकडे बसून हाच हिशेब करा. हे दोन आकडे हातात नसतील तर ठेकेदाराला फोन लावू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.