घर-शिवार : जुने स्पीकर, नवा रिसीव्हर



सोयाबीनचा पैसा हाती आला की घरात दोन याद्या तयार होतात. एक शेताची, दुसरी घराची. घराच्या यादीत हल्ली टीव्हीच्या जोडीला आवाजाचा संचही असतो. एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचे लाकडी पेटीचे दोन स्पीकर आहेत. अँप्लिफायरची एक बाजू बंद पडली. मुलगा म्हणतो, सात स्पीकरचा होम थिएटर रिसीव्हर घेऊ. मालक म्हणतात, सगळे भंगारात घालून नवा संच आणू. मामंजी म्हणतात, मला बातम्यांतले बोलणे नीट ऐकू आले म्हणजे झाले. काय करावे?"

माझ्या मते खरेदीची सुरुवात मामंजींच्या म्हणण्यापासून करावी. गरज कशाची हे ठरले की वस्तू आपोआप ठरते.

आधी स्पीकरची परीक्षा

माती तपासल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये, तसे स्पीकर तपासल्याशिवाय रिसीव्हर ठरवू नये. अँप्लिफायरची जी बाजू चालते, तिला दोन्ही स्पीकर आळीपाळीने जोडून ऐकावेत. जोडताना वीज बंद ठेवावी आणि आवाज अगदी कमी ठेवून सुरू करावा. पुढची जाळी काढून कागदी शंकूच्या कडेची गोल पट्टी पाहावी. ती फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत भुगा होते. तेवढ्यावरून स्पीकर टाकून देऊ नये. चांगला कारागीर ती पट्टी बदलून देतो.

मग पेटीच्या मागची चिठ्ठी वाचावी. तिथे ८ ओहम, ६ ओहम किंवा ४ ओहम असे लिहिलेले असते. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. आकडा जितका लहान, तितका स्पीकर जास्त प्रवाह ओढतो आणि रिसीव्हर जास्त तापतो. रिसीव्हरच्या मागेही किती ओहमपर्यंत चालेल ते छापलेले असते. स्पीकरचा आकडा त्याहून कमी नसावा. एकाच जोडणीवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले तर ते ४ ओहमचे होतात, हेही ध्यानात ठेवावे. चिठ्ठी फाटली असेल तर मल्टिमीटरने मोजावे. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो.

मंडळाचे किंवा देवळाचे भोंगे मात्र घरच्या रिसीव्हरला जोडू नयेत. त्यांतल्या अनेकांना ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यांची जोडणीच निराळी असते.

वॅटचे मोठे आकडे

खोक्यावर हजार-दोन हजार 'पीएमपीओ' वॅट छापलेले दिसतात. तो आकडा सोडून द्यावा. माहितीपत्रकात 'आरएमएस' वॅट पाहावेत. तेही प्रत्येक चॅनेलला किती, किती ओहमवर, आणि एका वेळी किती चॅनेल चालवून मोजले, हे विचारावे. एकच चॅनेल चालवून मोजलेला आकडा नेहमी फुगलेला असतो.

५० वॅटऐवजी १०० वॅट घेतले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. घरच्या खोलीत बातम्या आणि गाणी ऐकायला बहुतेक वेळ थोडेच वॅट खर्च होतात. दोन एकराच्या तुकड्यासाठी पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेण्यासारखे हे होऊ नये.

बोलणे ऐकू येण्याचे गमक

होम थिएटरवर ५.१ असे लिहिलेले असते. त्यातले ५ म्हणजे पुढचे डावा, उजवा, मधला आणि बाजूचे दोन स्पीकर, तर .१ म्हणजे जड आवाजाची पेटी, सबवूफर. ५.१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या चित्रपटांतले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून सात स्पीकरांपेक्षा टीव्हीखाली ठेवलेला एक चांगला मधला स्पीकर मामंजींच्या जास्त कामाचा. रिसीव्हरमध्ये त्या एकाच स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवता येतो. बहुतेक यंत्रांत रात्रीसाठी मोठे आवाज दाबून बारीक आवाज उचलण्याची सोयही असते. घरातले निजले असताना ती उपयोगी पडते.

सध्या फक्त जुने दोन स्पीकर जोडायचे असतील तर एक काम विसरू नये. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'मधला स्पीकर नाही, सबवूफर नाही' असे नोंदवावे. मग संवाद डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटले जातात. हे केले नाही तर गाणे ऐकू येते आणि माणसे नुसते ओठ हलवताना दिसतात. मग यंत्रच खराब म्हणून दुकानाच्या चकरा सुरू होतात.

छतातून आवाज आणणारे डॉल्बी अॅटमॉस २०१२ साली चित्रपटगृहांत आले आणि पुढे घरांतही आले. त्यासाठी वरच्या बाजूला आणखी स्पीकर लागतात. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात त्याची घाई नको.

टीव्हीच्या मागे पाहा

दुकानात जाण्यापूर्वी टीव्हीच्या पाठीचा फोटो मोबाइलवर काढावा. एखाद्या एचडीएमआय जागेवर 'एआरसी' लिहिले असेल तर एकाच वायरने टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे जातो. ते नसेल तर 'ऑप्टिकल' जागा शोधावी. रिसीव्हरलाही तीच सोय असली पाहिजे. जुना कॅसेट प्लेअर चालू ठेवायचा असेल तर लाल-पांढऱ्या जागा लागतात. तबकड्यांचा प्लेअर असेल तर 'फोनो' जागा वेगळी लागते.

परदेशातला नातेवाईक यंत्र आणणार असेल तर त्याला आधी व्होल्टेज विचारावे. अमेरिकेतले बरेचसे यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर ते जळते.

जागा आणि वीज

रिसीव्हर तापतो. त्यावर विणलेला रुमाल, फोटो किंवा फुलदाणी ठेवू नये. बंद कपाटातही ठेवू नये. हवेच्या फटींतून पाली आणि मुंग्या शिरतात, तेव्हा धान्याच्या पोत्यांजवळ त्याला जागा देऊ नये. व्होल्टेज चढ-उतार होत असेल तर योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधीच विजेचा प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही.

तेव्हा भगिनींना माझा सल्ला असा. जुने स्पीकर चांगले असतील तर ठेवावेत. एआरसी असलेला साधा ५.१ रिसीव्हर घ्यावा. यंदा त्याला जुने दोन स्पीकर आणि एक मधला स्पीकर जोडावा. बाकीचे पुढच्या हंगामात पाहता येतील. मुलाची हौस थोडी लांबेल, पण मोडणार नाही. मालकांचा नव्या संचाचा खर्च वाचेल.

आणि एक काम त्याही आधी करावे. मामंजींना तालुक्याला नेऊन कान तपासून घ्यावेत. कानात मळ असेल किंवा श्रवणयंत्र लागत असेल तर कितीही भारी रिसीव्हर आणला तरी त्यांना बोलणे कळणार नाही. तपासणीला एक सकाळ लागेल. खरेदी त्यानंतर करावी.