स्वभावाला औषध आहे



“स्वभावाला औषध नाही” ही म्हण आपल्या घरांत वारंवार ऐकू येते. वडील तापट असले तर मुले म्हणतात, त्यांचा स्वभावच तसा. जावाजावांचे बोलणे तुटते, भावाभावांत बांधावरून वैर येते, आणि शेवटी हीच म्हण पुढे करून विषय मिटवला जातो. आमचे स्पष्ट मत आहे की ख्रिस्ती माणसाने ही म्हण स्वतःसाठी कधीही वापरू नये. ती शहाणपणाची वाटते, पण तिच्या आड पश्चात्ताप टाळण्याची सोय असते.

हे समजून घेण्यासाठी आज आम्ही पवित्र शास्त्राबरोबरच एका दूरच्या शिक्षकाला सोबत घेत आहोत. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात चीनमध्ये मेन्शियस नावाचे गुरू होऊन गेले. ते कन्फ्युशियस यांच्या परंपरेतले. त्यांनी एका डोंगराचा दृष्टान्त दिला आहे. मोठ्या शहराजवळचा तो डोंगर एके काळी झाडांनी भरलेला होता. लोकांनी कुऱ्हाडी चालवून झाडे तोडली. पाऊस आणि दव यांनी पुन्हा कोंब फुटत, पण गुरे-मेंढरे ते खाऊन टाकत. अखेर डोंगर बोडका झाला. त्याला आज पाहणाऱ्याला वाटते, इथे कधी झाडे नव्हतीच. मेन्शियस विचारतात, बोडकेपणा हा त्या डोंगराचा स्वभाव म्हणायचा का?

आमोण्याच्या आणि एकूण डिचोली तालुक्याच्या माणसाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खाणींसाठी पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले लाल डोंगर, टाकाऊ मातीचे डंप आणि मांडवीतून खनिज वाहून नेणाऱ्या बार्ज आपण पाहिल्या आहेत. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा घराघरांतली मिळकत कशी थांबली, हेही पाहिले आहे. खाणीने पोट भरले आणि डोंगरही पोखरला. दोन्ही खरे आहे. पण लाल माती पाहतच वाढलेल्या मुलाला वाटू शकते की डोंगर म्हणजे असाच असतो. माणसाच्या बाबतीतही आपण तेच करतो. वर्षानुवर्षे रागाची, हव्यासाची, दारूची कुऱ्हाड चाललेली असते, आणि उरलेल्या बोडक्या मनाला आपण त्याचा “स्वभाव” म्हणतो.

मेन्शियस यांचे म्हणणे असे की, लहान मूल विहिरीत पडताना दिसले तर कोणाच्याही काळजात धस्स होते. तेव्हा मूल कोणाचे, वाचवले तर शाबासकी मिळेल का, याचा हिशेब कोणी करत नाही. ही कळवळ म्हणजे चांगुलपणाचा कोंब. लाज वाटणे, दुसऱ्याला मान देणे आणि बरेवाईट ओळखणे हे आणखी तीन कोंब. पण कोंब म्हणजे झाड नव्हे. त्याची रोज निगा राखावी लागते. चिनी भाषेत यासाठी ‘शिन’ हा शब्द आहे. त्यात भावना आणि विचार दोन्ही येतात, जसे आपल्या ‘मन’ या शब्दात येतात. पवित्र शास्त्रातले ‘अंतःकरण’ही असेच आहे, माणूस तिथेच प्रेम करतो, तिथेच विचार करतो आणि तिथेच निर्णय घेतो.

कोणी विचारेल, ख्रिस्ती माणसाने कन्फ्युशियसच्या वाटेला जावेच कशाला? याचे उत्तर आमोण्याहून मांडवीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की जुने गोवे येथे सापडते. येशूसंघाचे मातेओ रिची 1578 साली तिथे उतरले. तिथल्या सेंट पॉल महाविद्यालयात ते शिकले आणि त्यांनी शिकवलेही. त्या महाविद्यालयाची कमान आजही उभी आहे. 1579 साली थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, इथेच राहिले, आणि 1616 साली त्यांचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले. रिची 1582 साली चीनकडे निघाले. एकाने आपल्या लोकांची भाषा आणि ओवी आपलीशी केली, तर दुसऱ्याने कन्फ्युशियसचे ग्रंथ मनापासून अभ्यासले. 1603 साली रिची यांनी चिनी भाषेत देवाविषयी पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक मोलाचा फरक केला: जन्मतः मिळालेला चांगुलपणा ही देवाची देणगी आहे, पण सद्गुण मात्र माणसाने सरावाने कमवायचा असतो. परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणावर नियम लिहिलेला आहे, असे संत पौल रोमकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतात. तेव्हा सत्य जिथे दिसेल तिथे त्याचा आदर करायला आपल्याला संकोच नको.

मात्र इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. डोंगरात मुळे शिल्लक असतील तर पावसाने कोंब येतील. पण वरची मातीच खणून नेली असेल तर? खाणीच्या डंपवर झाडे जगवायची तर नुसता पाऊस पुरत नाही; सुपीक माती बाहेरून आणून पसरावी लागते, खत घालावे लागते. मनुष्याच्या पापाविषयी पवित्र शास्त्र इतकेच गंभीरपणे बोलते. यिर्मया अंतःकरणाच्या कपटाविषयी सांगतो, आणि यहेज्केलच्या 36व्या अध्यायात देव दगडी अंतःकरण काढून मांसाचे अंतःकरण देण्याचे वचन देतो. ही नवी माती आपण स्वतः तयार करू शकत नाही. ती कृपेने मिळते, आणि ती देण्यासाठी ख्रिस्ताने क्रूसावर किंमत भरली आहे. या ठिकाणी आपली वाट मेन्शियसच्या वाटेहून वेगळी होते.

पण कृपा मिळाली म्हणून कुदळ खाली ठेवायची नाही. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौल आपले तारण भीत व कापत साधून घ्यायला सांगतात आणि लगेच म्हणतात की आपल्यामध्ये कार्य करणारा देवच आहे. देवाची कृपा आणि आपली मेहनत यांत भांडण नाही. लूकच्या 13व्या अध्यायातला माळी फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो. मुळाभोवती खणतो, खत घालतो. हा माळी “या झाडाचा स्वभावच असा” असे म्हणत नाही.

म्हणून तीन गोष्टी आपण आजपासून करू या. पहिली, रात्रीचे आत्मपरीक्षण. कन्फ्युशियसचा एक शिष्य रोज स्वतःला तपासून पाहत असे: दुसऱ्याच्या कामात निष्ठा राखली का, मित्राशी खरे वागलो का, शिकलेले आचरणात आणले का. संत इग्नाशियसही रोजच्या आत्मपरीक्षणावर भर देत. दिवा मालवण्यापूर्वी पाच मिनिटे पुरतात. दुसरी, एकांतातली सावधानता. कोणी पाहत नाही तेव्हाही जपून राहावे, अशी त्या परंपरेची शिकवण आहे. खोलीचे दार लावून प्रार्थना करा, असे प्रभू सांगतात. आज दार लावलेल्या खोलीत हातात मोबाइल असतो, म्हणून हे अधिकच खरे. तिसरी, धीर. मेन्शियस एका अडाणी शेतकऱ्याची गोष्ट सांगतात. रोपे लवकर वाढावीत म्हणून त्याने ती वर ओढली आणि सारे शेत वाळून गेले. आईवडिलांनो, मुलांना घडवताना ही गोष्ट विसरू नका. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून झुरणाऱ्या भगिनींनो, वैद्यकीय मदत जरूर घ्या, मारहाण मुकाट्याने सोसू नका, पण त्या माणसाला “हा असाच” म्हणून सोडून देऊ नका.

मेन्शियस म्हणतात, कोंबडी किंवा कुत्रा हरवला तर माणसे शोधायला निघतात. मन हरवले तर मात्र कोणी शोधत नाही. आपल्याला त्याहून मोठा दिलासा आहे. आपण शोधायला निघण्याआधीच मेंढपाळ आपल्याला शोधत रानात उतरला आहे.

हे प्रभो, आमच्या उघड्या पडलेल्या मनांवर तुझ्या कृपेची माती घाल, आणि तिच्यात रोज राबायला आम्हांला बळ दे. आमेन.