जेनचं नाव कुणाला आठवतं?

‘डेडवूड’चा तिसरा सीझन चांगला की वाईट, यावरून आमच्या हॉस्टेलमध्ये जेवढे वाद होतात तेवढे मेसच्या भाजीवरूनही होत नाहीत. मालिका ज्या रूममध्ये पोचते तिथे आठवडाभर सबमिशन्सचे बारा वाजतात, आणि पुढचा आठवडा नुसती चर्चा! या चर्चांमध्ये मीही हिरिरीने भाग घेते. पण त्यात एक गोष्ट कायम सुटते असं मला वाटतं, म्हणून हा लेखप्रपंच. (‘कॉन्व्हेंटवाली तू, इंग्लिश सेक्शनला दे की,’ असं मैत्रिणी म्हणाल्या. पण भांडण ज्या भाषेत चालतं त्याच भाषेत लिहिलेलं बरं!)

ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘डेडवूड’ ही एचबीओ या अमेरिकन चॅनलची मालिका. कर्ता आणि मुख्य लेखक डेव्हिड मिल्च. २००४ ते २००६ मध्ये तिचे तीन सीझन आले, प्रत्येकी बारा भाग, म्हणजे एकूण ३६. गोष्ट सुरू होते १८७६ मध्ये. आजच्या साउथ डकोटा राज्यातल्या ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांत सोनं सापडलंय आणि सोन्यामागे माणसं धावत आलीत. चिखल, तंबू, दारूचे गुत्ते, जुगार, कुंटणखाने आणि खून. कायदा नाही, कोर्ट नाही. वेस्टर्न म्हटल्यावर जो पिस्तूलबाज हिरो आपल्या डोळ्यांपुढे येतो, तो वाइल्ड बिल हिकॉक इथे चौथ्याच भागात पत्ते खेळताना मागून गोळी लागून मरतो. आणि हे खरंच तसं घडलेलं आहे, २ ऑगस्ट १८७६ रोजी. शिव्यांची लाखोली तर इतकी, की हेडफोनशिवाय बघू नये. रेक्टर मॅडम, हे केवळ माहितीसाठी!

हिकॉक गेल्यावर मालिका ज्याची होते तो म्हणजे अल स्वेअरेंजन, ‘जेम’ नावाच्या गुत्त्याचा आणि कुंटणखान्याचा मालक. इयन मॅकशेनने तो असा काही केलाय की बाकी सगळे फिके पडतात. आमच्या हॉस्टेलमध्ये अलचा फॅन क्लब आहे म्हटलं तरी चालेल. त्याची बोलण्याची ढब, भुवया उंचावणं, बाल्कनीत उभं राहून गावाकडे बघणं, सगळ्याची नक्कल होते.

तर आता तिसरा सीझन. (पुढे शेवट सांगणार आहे. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.) या सीझनमध्ये गावात ठाण मांडून बसतो जॉर्ज हर्स्ट, मोठा खाणमालक. त्याला सगळ्या खाणी हव्या आहेत. जे कॉर्निश कामगार संघटना करायला बघतात त्यांचे मुडदे पडतात. अल त्याचं ऐकत नाही म्हणून तो अलचं बोट तोडतो. अल्मा आपली खाण विकत नाही, म्हणून तिचा नवरा एल्सवर्थ याला मारून टाकलं जातं. हे सहन न होऊन ट्रिक्सी, जी पूर्वी अलच्या कुंटणखान्यात होती, ती हर्स्टवर गोळी झाडते. गोळी खांद्याला लागते, हर्स्ट वाचतो. तो म्हणतो, गोळी झाडणारीचं प्रेत मला दाखवा. ट्रिक्सीवर तर अलचा जीव! मग अल काय करतो? तिच्यासारखी दिसणारी जेन नावाची आपल्याच कोठीतली एक मुलगी निवडतो, तिला ठार मारतो आणि ट्रिक्सी म्हणून तिचं प्रेत हर्स्टला दाखवतो. हर्स्टचं समाधान होतं. तो गाव सोडून जातो. खाणी त्याच्या, पैसा त्याचा, शिक्षा काही नाही. संपलं.

यावर आमच्याकडे तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, शेवट अपुरा आहे. एचबीओने मालिका बंद केली, दोन सिनेमे काढू म्हणाले आणि तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, एकच आला. दुसऱ्या पक्षाचा राग लँग्रिशच्या नाटक कंपनीवर. हर्स्टशी झुंज चालू असताना ही नाटकवाली मंडळी मध्येच कशाला, असं त्यांचं म्हणणं. तिसरा पक्ष सगळ्यात मोठा, तो अलचा. त्यांच्या मते सीझन जबरदस्त, कारण अलने डोकं वापरून गाव वाचवलं. “एक गेली, पण शंभर वाचले ना? सिंपल ऑप्टिमायझेशन आहे,” असं एकाने मला कॅन्टीनमध्ये ऐकवलं. आम्ही इंजिनिअरिंगवाले! सगळीकडे मॅक्सिमा-मिनिमा.

माझं भांडण या तिसऱ्या पक्षाशी आहे. गणित बरोबर आहे असं क्षणभर धरून चालू. पण त्या गणितात वजाबाकी कुणाची करायची हे कुणी ठरवलं? गोळी जेनने झाडली नव्हती. तिला कुणी विचारलंही नाही. ट्रिक्सी आपल्याला पहिल्या भागापासून माहीत आहे, तिचे संवाद आहेत, तिच्यावर प्रेम करणारा सोल स्टार आहे. जेनकडे यातलं काही नाही. ती अलच्या मालकीची आहे, आणि तिच्यासाठी भांडणारा एकच माणूस आहे, अलचा साधाभोळा नोकर जॉनी. तो आडवा येतो, पण त्याचं काही चालत नाही. म्हणजे जेन मेली ती नुसती ट्रिक्सीसारखी दिसते म्हणून नाही. तिला मारलं तर फारसं कुणी विचारणार नाही म्हणूनही. आणि गंमत बघा, प्रेक्षक म्हणून आपणही विचारत नाही! मी हॉस्टेलमधल्या सहा पक्क्या फॅन्सना विचारलं, शेवटी जी मारली गेली तिचं नाव काय? दोघांना सांगता आलं. अलचे संवाद मात्र सहाही जणांना तोंडपाठ.

हेच त्या प्रसिद्ध मारामारीचं. अलचा डॅन आणि हर्स्टचा कॅप्टन टर्नर भररस्त्यात, चिखलात एकमेकांना मरेस्तोवर मारतात. तो सीन आमच्याकडे दहा-दहा वेळा रिवाइंड करून बघतात. जिंकलेला डॅन नंतर खोलीत एकटा, सुन्न होऊन बसतो. तो भाग मात्र फॉरवर्ड!

मालिका वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. उलट मिल्च आपल्यापेक्षा जास्त प्रामाणिक आहे. शेवटचा सीन आठवा. हर्स्ट गेलाय, संकट टळलंय. दुसरी कुठली मालिका असती तर इथे जल्लोष दाखवला असता. इथे अल गुडघ्यांवर बसून जमिनीवरचं जेनचं रक्त घासतोय. जॉनी येऊन विचारतो, तिला त्रास झाला का? त्याला काहीतरी दिलासा हवा आहे. अल जेमतेम उत्तर देतो आणि तो गेल्यावर पुन्हा घासत राहतो. या भागाचं नावच आहे ‘टेल हिम समथिंग प्रिटी’, म्हणजे त्याला काहीतरी छानसं सांगा. मालिका इथेच संपणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं, हे मान्य. तरी यापेक्षा पुरा शेवट कसा असतो मला माहीत नाही. शाळेत मॉरल सायन्सच्या तासाला प्रत्येक गोष्टीखाली एका ओळीत मॉरल लिहिलेलं असायचं. इथे तेवढीच ओळ गाळलेली आहे आणि जमिनीवरचा डाग ठेवलेला आहे. ‘अपुरा, अपुरा’ म्हणणाऱ्यांना खरं तर ती ओळ हवी असते. २०१९ च्या सिनेमात ती थोडीफार मिळते. हर्स्ट परत येतो, बुलक त्याला पकडून नेतो, गावकरी त्याला बदडतात. आमच्याकडे त्या सीनला शिट्ट्या पडल्या. जेन काही परत आली नाही.

अल हा इतिहासातला खरा माणूस होता, हे अनेकांना माहीत नसतं. खरा स्वेअरेंजन मुलींना नाटकात काम देतो, हॉटेलात नोकरी देतो असं सांगून डेडवूडला आणायचा आणि तिथे पोचल्यावर त्यांना धंद्याला लावायचा. १९०४ मध्ये तो वारला. नोकरीचं आमिष दाखवून मुलींना फसवणारा माणूस आपल्याला पेपरात भेटला तर आपण त्याची नक्कल करू का?

आणि जेनला निदान नाव तरी आहे. ते डोंगर मुळात लाकोटा सू लोकांचे. १८६८ च्या तहात अमेरिकन सरकारनेच तसं लिहून दिलं होतं. १८७४ मध्ये कस्टरच्या तुकडीला तिथे सोनं सापडलं आणि तह कागदावर राहिला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई कायम केली. सू लोकांनी ती घेतली नाही, त्यांना जमीन हवी आहे. मालिकेत त्यांच्यापैकी कोण आहे? अलच्या खोलीत, खोक्यात ठेवलेलं एक कापलेलं डोकं. अल त्याच्याशी तासन्‌तास बोलतो, त्या संवादांवर आपण फिदा! डोकं काही उत्तर देत नाही.

मालिकेत घडलेलं सगळं इतिहासात तसंच घडलं असं कुणी समजू नये. पण हर्स्टची खाण खरी आहे. १८७७ मध्ये त्याने घेतलेली होमस्टेक खाण २००२ पर्यंत चालली, आठ हजार फूट खोल गेली. तिथेच जमिनीखाली रेमंड डेव्हिसने सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मोजले आणि २००२ चं नोबेल मिळवलं. आपल्या फील्डच्या लोकांना अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. मलाही वाटतो. फक्त अभिमानासोबत हिशेबही पुरा मांडावा, एवढंच म्हणणं आहे.

आता कुणी म्हणेल, एका मालिकेवरून एवढं काय मनावर घ्यायचं? घ्यायचं, कारण ‘सगळ्यांच्या भल्यासाठी’ हे वाक्य आपल्या कॉरिडॉरमध्येही ऐकू येतं. कॉमन रूममधली काच फुटते, काहीतरी हरवतं, आणि वरून सांगितलं जातं की संध्याकाळपर्यंत एक नाव द्या, नाहीतर सगळ्यांना दंड. तेव्हा कुणाचं नाव पुढे येतं? थर्ड इयरच्या सेक्रेटरीचं? कधीच नाही. मेसमध्ये ताटं उचलणाऱ्या पोऱ्याचं येतं, नाहीतर नुकत्याच आलेल्या, अजून मैत्रिणी न झालेल्या फर्स्ट इयरच्या मुलीचं. दंड वाचतो, सगळे सुटतात, आणि ज्याने शिताफीने हे जमवलं त्याला शाबासकी मिळते. नाव मागणाऱ्यांनाही, हर्स्टसारखंच, कुणीतरी दाखवलं की पुरतं. खरं कोण, हे ते परत विचारत नाहीत.

अलचे संवाद जरूर पाठ करा, तेवढ्या ताकदीचे ते आहेतच. पण पुढच्या वेळी असं नाव द्यायची वेळ आली, तर जॉनीसारखं निदान एकदा दारात आडवं उभं राहून बघा. तो हरला, कारण तो एकटा होता. आपण एका मजल्यावर चाळीस जणी राहतो.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी