न परतलेल्या रुग्णांचे काय?

मधुमेह, संधिवात यांसारख्या जीर्ण व्याधींत आयुर्वेदाने उत्तम गुण येतो, असे आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. या विधानास आधार काय, हे पाहण्यासाठी आम्ही आमच्या चिकित्सालयातील मधुमेही रुग्णांचे जुने केसपेपर काढले. अनेकांवर तीन-चार भेटींनंतर नोंदच नव्हती. बरे वाटले म्हणून आले नसतील, अशी आमची आजवरची समजूत! काहींची चौकशी केली. कोणी खरोखरच बरे होते. कोणी खर्च झेपेना म्हणून औषध सोडले होते. एक गृहस्थ डायलिसिसवर होते. न परतलेला रुग्ण आम्ही मनोमन यशात जमा धरीत होतो.

या संदर्भात 'लासी' या राष्ट्रीय पाहणीकडे वैद्यवर्गाने लक्ष द्यावे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये पार पाडली. पंचेचाळीस वर्षे व त्यावरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती तीत घेतली गेली. त्याच व्यक्तींना पुढील फेऱ्यांत पुन्हा गाठावयाचे, हे या योजनेचे वैशिष्ट्य.

एकदाच केलेल्या पाहणीत आयुर्वेदीय औषध घेणारे रुग्ण अधिक व्याधिग्रस्त आढळले, तर ते चिकित्सेचे अपयश, की सर्व उपाय थकल्यावर ते आपल्याकडे आले याचा परिणाम? आधी काय व नंतर काय, हे त्याच माणसाकडे पुन्हा गेल्याशिवाय कळत नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. चरकाचार्यांनी याप्य व्याधींचा स्वतंत्र वर्ग मानला आहे. पथ्य व औषध चालू आहे तोवर आटोक्यात राहणारा, सुटताच उसळणारा तो याप्य. अशा व्याधीची परीक्षा एका भेटीत कशी होणार?

म्हणून आमची नम्र सूचना अशी : प्रत्येक वैद्याने जीर्ण रुग्णांची स्वतंत्र वही ठेवावी, वर्षातून एकदा प्रत्येकाची विचारपूस करावी, आणि औषध सोडलेल्यांची, अन्यत्र गेलेल्यांची व निवर्तलेल्यांचीही नोंद करावी. त्या नोंदी कदाचित आपल्या अभिमानास रुचणार नाहीत. परंतु आयुर्वेदाचे खरे बळ कोठे आहे, हे त्यांतूनच सिद्ध होईल.