घाटातील थांबा

सावंतवाडीहून बेळगावकडे निघालेला रस्ता दाणोली गाव मागे टाकतो आणि आंबोलीचा घाट चढू लागतो. पावसाळ्याच्या दिवसांत येथून पुढे हवेचा गुणच पालटतो. धुके रस्त्यावर उतरते, कातळाच्या प्रत्येक भेगेतून पाणी झिरपते आणि वळणावळणाला एखादा लहानसा धबधबा रस्त्याच्या कडेला येऊन कोसळतो. एका वळणावर तर मोठा प्रपात थेट पायऱ्यांपर्यंत पोहोचतो. तेथे गाड्या थांबतात. कोणी भिजतो, कोणी छायाचित्र काढतो, कोणी भाजलेले कणीस किंवा गरम भजी खात कठड्याशी उभा राहतो. अर्ध्या तासाने गाडी पुढे निघते आणि धबधबा ‘पाहून झाला’ असे प्रवासी मानतो.

वास्तविक त्याने पाहिलेले असते ते एका फार मोठ्या कामाचे शेवटचे टोक. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. म्हणूनच आंबोलीत वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईच्या पावसाच्या तो जवळजवळ तिप्पट आहे. एवढे पाणी उघड्या उतारावर पडले असते, तर मातीसह काही तासांत वाहून गेले असते. परंतु वरच्या अंगाला अंजनी, जांभूळ, पिसा अशा वृक्षांचे दाट रान आहे आणि जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे आहेत. झाडांचा पर्णसंभार पावसाचा मार झेलतो. मुळे माती धरून ठेवतात. पालापाचोळा आणि सच्छिद्र जांभा पाणी शोषून घेतात व हळूहळू सोडतात. पाऊस उघडल्यावरही धबधबा वाहत राहतो, तो या साठवणीच्या बळावर. खालच्या गावांतील झरे आणि विहिरी भरतात, त्याही याच बळावर.

या पाण्याचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. घाटातून कोसळणारे पाणी पश्चिमेकडे, अरबी समुद्राच्या दिशेने जाते. आंबोलीतच एका गुहेतून उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते. आजरा आणि गडहिंग्लजची शेती भिजवून ती कर्नाटकात शिरते, घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते. म्हणजे आंबोलीचे रान राखणे हा केवळ पर्यटकांच्या आनंदाचा प्रश्न नाही. ज्यांनी हा घाट कधी पाहिलेला नाही, अशा शेतकऱ्यांचाही तो प्रश्न आहे.

या रानात माणसाला अजून पुरते ठाऊक नसलेले जीवन आहे. आंबोलीच्या सड्यांवर राहणाऱ्या एका भेकाला २००९ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून शास्त्रीय नाव मिळाले. हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या एका माशाची नवी जाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्या परिसराला जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. रोजच्या रहदारीच्या रस्त्यालगत अशी नवी ओळख पटावी, ही अभिमानाची गोष्ट आहे. तशीच ती चिंतेचीही आहे. कारण सुट्टीच्या दिवशी याच घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक आणि साप चाकांखाली चिरडले जातात. खाऊ मिळण्याच्या सवयीने माकडे रान सोडून रस्त्यावर येऊन बसतात. प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्या ओहोळात अडकतात.

धोका माणसालाही आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढले आणि त्यांना बाहेर पडता आले नाही. डोंगराच्या माथ्यावर कोसळलेली सर खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. या दुर्घटनेनंतर प्रशासनाने अनेक ठिकाणी निर्बंध घातले.

अशा वेळी दोन टोकांची मते मांडली जातात. एक मत म्हणते, धबधब्यांकडे जाणे सरसकट बंद करावे. दुसरे म्हणते, लोक येणारच, तेव्हा डोंगर कापून रस्ता रुंद करावा, मोठे वाहनतळ बांधावेत, म्हणजे कोंडी सुटेल. पहिल्या मताला कणीस भाजणाऱ्या बाईचा विसर पडतो. पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत तिच्या शेगडीवर जे मिळते, त्यावर तिच्या घरातील शाळेचा आणि औषधपाण्याचा खर्च अवलंबून असतो. शिवाय ज्याने रान कधी पाहिलेच नाही, त्याला ते राखावेसे तरी का वाटावे? दुसऱ्या मताला डोंगराचा विसर पडतो. उतार कापला की मुळांचा आधार सुटतो आणि मुसळधार पावसात दरड खाली येते. वाहनतळ वाढला की गाड्या वाढतात आणि कोंडी होती तेथेच राहते. ज्या पाण्यासाठी थांबा केला, त्या पाण्याची वाटच थांब्याने बुजवावी, हे व्यवहारालाही धरून नाही.

तिसरा मार्ग शिस्तीचा आहे. एका वेळी किती माणसे धबधब्यापाशी असावीत, याची मर्यादा ठरवता येते. खासगी गाड्या गावात थांबवून तेथून एसटीच्या लहान गाड्यांनी लोकांना नेता-आणता येते. माथ्यावर जोराचा पाऊस सुरू झाला की खाली इशारा देण्याची सोय करता येते. मात्र ही व्यवस्था दूरच्या कचेरीतून चालणार नाही. आभाळ कोणत्या बाजूने भरले की ओढा फुगतो, हे गावकऱ्यांनाच ठाऊक असते. केरळमध्ये अथिरप्पिल्ली आणि वाळच्चाल येथील धबधब्यांपाशी स्थानिक लोकांच्या वनसंरक्षण समित्यांना देखभालीत वाटा देण्यात आला. पश्चिम घाटाचा अभ्यास करणाऱ्या माधव गाडगीळ समितीनेही २०११ मधील आपल्या अहवालात निर्णय वरून लादण्याऐवजी ग्रामसभांच्या विचाराने व्हावेत, असा आग्रह धरला होता. धबधब्याच्या थांब्यापासून हा आग्रह आचरणात आणायला काय हरकत आहे? प्रवेशशुल्काचा पैसा त्याच गावात राहिला, तर कणीस विकणारी बाई रानाची राखणदारही होईल. घाईने येऊन कचरा टाकून जाणाऱ्या शंभर जणांपेक्षा, निवांत थांबून गावात जेवणारे वीस जण तिला अधिक देऊन जातील.

प्रवाशाकडूनही फार मोठ्या त्यागाची अपेक्षा नाही. आणलेले सामान परत न्यावे, प्राण्यांना खाऊ घालू नये, गाण्यांचा आवाज गाडीतच ठेवावा आणि ‘पुढे जाऊ नका’ असे गावकऱ्याने म्हटले की मागे फिरावे, एवढेच त्याने पाळायचे आहे.

दिवाळीनंतर घाट शांत होतो. मोठा प्रपात बारीक होत जातो आणि भजीच्या गाड्यांवर ताडपत्री चढते. गावातील बायका मात्र तेव्हाही झऱ्यावर पाणी भरायला जातात. पर्यटकाचा धबधबा जेथे संपतो, तेथून त्यांचे वर्ष पुढे चालू राहते. घाटातील थांबा कसा असावा, हे ठरवताना पहिला शब्द त्यांचा असला पाहिजे.