पाद्रीसाहेबांचे लग्न आणि आमचे वाचनालय



वाचनालयासाठी यंदा घ्यायच्या पुस्तकांची यादी आम्ही कार्यालयाबाहेर लावली, तेव्हा तिच्यातल्या एका नावावर काही पालकांनी नाराजी कळवली. ते पुस्तक म्हणजे जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही कादंबरी. आक्षेप असा, की एका विलायती पाद्र्याची ही प्रेमकथा शाळेनेच मुलांच्या हाती का द्यावी? विषय विश्वस्त मंडळापुढे जाणारच आहे, म्हणून आमचे मत येथे स्पष्ट मांडतो. पुस्तक यादीत राहावे आणि नववीपुढच्या मुलामुलींनी ते जरूर वाचावे.

प्रेमकथा आहे, हे खरे. ते लपवून पुस्तक आत आणणे आम्हाला पटत नाही. मात्र ह्या प्रेमकथेत हिशेब आहेत, आणि ते आमच्या गणिताच्या तासाला शोभतील असे आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १८११ मध्ये ही कादंबरी लंडनला छापून निघाली, त्याच महिन्यात इकडे भानपुऱ्याला यशवंतराव होळकरांचे निधन झाले. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात काळ कुठला, हे आपल्या इंदूरच्या मुलांना लगेच समजेल. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते, फक्त ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढेच छापले होते. ऑस्टिन ही हॅम्पशायरमधल्या स्टीव्हन्टन गावच्या पाद्र्याची मुलगी. तिचे दोन भाऊही पाद्री झाले. पाद्री म्हटले की आपल्याला ब्रह्मचारी फादर आठवतात, पण इंग्लंडच्या चर्चचा पाद्री लग्न करतो, संसार करतो. त्याचा चरितार्थ गावच्या चर्चला जोडलेल्या वृत्तीवर चालायचा: राहायला घर, थोडी जमीन आणि गावकऱ्यांच्या उत्पन्नाचा दशमांश. अशी वृत्ती कुणाला द्यायची, हे बहुधा गावचा जमीनदार ठरवी. एकदा मिळाली की ती जन्मभराची.

आता कथा. डॅशवुड घराण्याची इस्टेट सावत्र भावाकडे जाते आणि आई व तीन मुली यांना वर्षाला ५०० पौंडांत भागवायची पाळी येते. बहिणींना सांभाळीन, असा शब्द भावाने वडिलांना मृत्युशय्येवर दिलेला असतो. तो तिघींना मिळून ३,००० पौंड द्यायचे ठरवतो. त्याची बायको हिशेब सुरू करते, आणि एका प्रकरणात ते ३,००० उतरत उतरत अधूनमधून पाठवायच्या मासळीवर येऊन थांबतात. भाऊबंदकी फक्त आपल्याकडेच असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे दुसरे प्रकरण अवश्य वाचावे.

थोरली एलिनॉर. तिचे मन एडवर्ड फेरर्सवर बसते. हा नायक देखणा नाही, बोलकाही नाही. (१९९५ च्या चित्रपटात त्याला फार देखणा नट मिळाला आहे. मुलांनी आधी पुस्तक वाचावे.) त्याला पाद्री व्हायचे आहे. घरच्यांना ते कमी दर्जाचे वाटते. त्यांच्या मते लष्कर चांगले, वकिलीही चालेल. आरमाराचाही विचार होतो, पण तोवर त्याचे वय निघून गेलेले असते. एकमत होत नाही म्हणून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ऑक्सफर्डला जाईपर्यंत तो नुसता बसून राहतो. ह्या रिकामपणात ल्यूसी स्टील नावाच्या मुलीला लग्नाचे वचन देऊन बसतो. हाताला काम असते तर ही चूक घडली नसती, असे तो शेवटी स्वतःच म्हणतो. दहावीचा निकाल लागल्यावर गणित की जीवशास्त्र, यावर आमच्या खोलीत मुलाला मध्ये बसवून दोन्हीकडून बोलणारे आईवडील आम्ही दर वर्षी पाहतो. मुलगा खाली मान घालून बसलेला असतो. तो एडवर्डच.

आईला वचनाचा सुगावा लागतो. वचन मोड, नाहीतर माझ्याकडून काही मिळणार नाही, असे ती बजावते. एडवर्डचे ल्यूसीवरचे प्रेम केव्हाच आटलेले असते, तरी तो वचन मोडत नाही. वर्षाला १,००० पौंडांची इस्टेट आई धाकट्याच्या नावे करते.

पुढचा प्रसंग आमच्या मते पुस्तकातला सर्वांत मोठा. कर्नल ब्रँडन ह्या भल्या गृहस्थाच्या हातात डेलफर्ड गावची वृत्ती असते, वर्षाला सुमारे २०० पौंडांची. ती तो एडवर्डला देऊ करतो आणि हा निरोप एलिनॉरने पोचवावा अशी विनंती करतो. तिच्या मनात काय आहे हे त्याला माहीत नसते. एलिनॉर निरोप सांगते. ज्याच्यावर आपले प्रेम, त्याला दुसरीशी लग्न करता येईल अशी नोकरी आपल्याच तोंडाने सांगायची! ल्यूसीचे गुपित तिने त्याआधी चार महिने घरात कुणाला कळू दिलेले नसते. आमची पदवी हिंदी माध्यमाची, त्यामुळे ही पाने आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. पण ह्या ठिकाणी शब्दकोशाची आठवण राहिली नाही.

पुढे ल्यूसी इस्टेटवाल्या धाकट्याशी लग्न करून मोकळी होते आणि एडवर्ड सुटतो. मग पुन्हा हिशेब. त्याचे २,००० पौंड, तिचे १,०००, त्यावर ५ टक्के व्याज म्हणजे १५०. वृत्तीचे २०० मिळवले की वर्षाला ३५०. एवढ्यात संसार नीट चालेल असे मानण्याइतके दोघेही प्रेमात वेडे नाहीत, असे लेखिका मिस्कीलपणे सुचवते. शेवटी आई विरघळून १०,००० देते तेव्हा लग्न होते. हा शेवट आम्हाला थोडा सोयीचा वाटतो. आईने दिले नसते तर दोघांनी काय केले असते, हे वाचायला आम्हाला जास्त आवडले असते.

मुलांच्या हाती काय द्यावे ही पालकांची काळजी रास्त आहे. पण रोज संध्याकाळी मालिकांतून आणि मोबाईलवर जे प्रेम त्यांना दिसते, त्यात कुणी घरभाड्याचा विचार करताना आढळत नाही.

यादीतील प्रत सध्या आमच्या टेबलावर आहे. ज्या पालकांचा आक्षेप आहे त्यांनी ती आठवडाभर घरी न्यावी. सगळे वाचायला सवड नसेल तर दुसरे, एकोणचाळिसावे आणि चाळिसावे अशी तीन प्रकरणे वाचावीत आणि त्यानंतरही मत तेच राहिले तर तसे लेखी द्यावे. ते पत्र आम्ही विश्वस्त मंडळाच्या बैठकीत जसेच्या तसे वाचून दाखवू.