रविवार, गरी आणि कुणाचा तरी रोहू

सोमवारी सकाळी ऑफिसात ‘काय मग, वीकेंडला काय केलं?’ हा प्रश्न आला की वणीतल्या माणसाची जरा पंचाईतच होते. पुण्याच्या मित्रांकडे ट्रेकचे फोटो असतात, मुंबईवाल्यांकडे नव्या कॅफेची बिलं. आपल्याकडे काय? कोळशाचे ट्रक, धूळ आणि रविवार दुपारची झोप!

पण या सोमवारी माझ्याकडे उत्तर होतं. ‘तीन तास एका काडीकडे बघत बसलो होतो.’ बाजूच्या टेबलावरचा चहा तिथेच थांबला.

झालं असं, की ऑफिसातल्या एका मित्राचे वडील नुकतेच खाणीतून रिटायर झाले. घरात बसवेना, म्हणून काकांनी लहानपणीची गरी परत काढली. गरी म्हणजे गळ हो. मी मोठ्या उत्साहात नेटवर रॉड-रीलच्या किमती बघून गेलो होतो. काकांनी माझ्या हातात बांबूची काठी दिली. तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक दोरा, शिशाचा छोटा तुकडा, पाण्यावर तरंगायला मोरपिसाची दांडी आणि टोकाला कणकेची गोळी. एकूण खर्च? ऑफिसच्या कँटीनमधल्या दोन चहांइतका.

तळं वणीपासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, काकांची तशी अट आहे. (गरीवाले आपली जागा सांगत नाहीत, हा पहिला धडा.) दुसरा धडा म्हणजे गप्प बसणे. तो मला जास्त जड गेला. पहिल्या वीस मिनिटांत मी चार वेळा मोबाइल बघितला. मग कधीतरी तो खिशातच राहिला. खंड्या दिसला, पाणकावळा दिसला, पाण्यावर उठणारा प्रत्येक बुडबुडा महत्त्वाचा वाटायला लागला. बॉसचा चेहरा तर आठवेचना!

बाय द वे, हा काही गोऱ्या साहेबाकडून आलेला शौक नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. काठी कशी, दोरा कसा, कुठल्या माशाला कुठलं खाद्य, सगळं तपशीलवार. इंग्रजांचं या विषयावरचं प्रसिद्ध पुस्तक, आयझॅक वॉल्टनचं, आलं १६५३ मध्ये. म्हणजे आपण पाचशे वर्षं पुढे होतो, फक्त मार्केटिंग केलं नाही.

तर मोरपीस थरथरलं, आडवं झालं आणि गडप! काका ओरडले, ‘आता!’ मी काठी उचलली. हातात जे जाणवलं ते लिहून सांगता येत नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत होतं आणि त्याला माझ्याकडे यायचं नव्हतं. दोन मिनिटांत अर्धा-पाऊण किलोचा रोहू काठावर. मी फोटोसाठी मोबाइल काढला, तेवढ्यात मागून आवाज आला.

‘कोणाले विचारून टाकली गरी, भाऊ?’

साठीचे एक गृहस्थ, खांद्यावर जाळं. काकांनी हात जोडले, ‘या जी, बसा.’ दोघांची ओळख होती. माझी नव्हती. ‘हा रोहू तुमाले फुकटचा वाटला का? याचं बीज आमच्या सोसायटीनं इकत आणून टाकलं हाये.’

मी म्हणालो, मामा, तळ्यात मासे होतातच की आपोआप! ते हसले. आणि मग मला कळलं ते खरंच माहीत नव्हतं. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण तिथे त्यांची पिल्लं होत नाहीत. पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या माशांना अंडी घालायला लावलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. तेव्हापासून बीज विकत मिळतं. आपल्याकडे तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात, बऱ्याचदा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना. ठेका भरायचा, बीज घ्यायचं, वर्षभर राखायचं. आणि मग रविवारी आमच्यासारखे टाइमपासवाले येणार, फोटो काढणार आणि मासा पिशवीत!

आपल्या ऑफिसात कुणी येऊन ‘सहज’ एखादा लॅपटॉप उचलून नेला तर?

मी मुकाट्याने रोहू पाण्यात सोडला. सोडायचीही रीत असते बरं का. आधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला आजार लागतो. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला तर ती सहज निघते. आणि मासा बाहेर असेपर्यंत आपणही श्वास रोखायचा. आपल्याला गुदमरलं की त्यालाही गुदमरलंय.

इंग्लंडात हेच चालतं. तिथे याला कोर्स फिशिंग म्हणतात: सॅमन-ट्राउट सोडून बाकीचे गोड्या पाण्यातले मासे, अगदी गावातल्या बागेच्या तळ्यातसुद्धा. रॉडचं लायसन्स काढा, तळ्याचं तिकीट घ्या, पकडा, बघा, सोडा. आपल्याकडे ‘पकडून सोडला’ म्हटलं की घरचे डोक्याला हात लावून ताप बघतात.

तिकडचं बघून मलाही वाटलं, आपल्या जवळ चंद्रपूरला रामाळा तलाव आहे, गोंडकालीन, काठाला बाग, तिथे असं काही झालं तर? पण तिथे मुळात पाणीच वाचवायची वेळ आली. नाल्याचं सांडपाणी, जलपर्णी. २०२१ च्या फेब्रुवारीत ‘इको-प्रो’चे बंडू धोतरे या तलावासाठी उपोषणाला बसले होते. जिथे गटार येतं तिथला मासा खाऊ तर नयेच. शहरातल्या तळ्यावर हौस करायची तर विचारून, आणि सोडून देण्यापुरतीच. तुटलेला तंगूसही तिथे टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतो. आणि मे महिन्यात पहाटे मासे वर तोंड काढताना दिसले तर काठी गुंडाळा. पाण्यात प्राणवायू कमी पडलाय, त्यांना भूक लागलेली नाही.

आमच्या तळ्यावर मात्र तह झाला. मामा म्हणाले, ‘रोहू-कटला सोडा. चिलापी लागली तर खुशाल न्या, आमाले नकोच ते.’ चिलापी म्हणजे टिलापिया. हा परदेशी मासा १९५२ मध्ये भारतात आणला. तो साचलेल्या पाण्यातच भराभर वाढतो आणि बाकीच्यांचं खाद्य फस्त करतो. म्हणजे मी न्यायचा तो मामांचा त्रास. याहून सोपी डील ऑफिसात कधी झाली नाही!

दुपारपर्यंत मला तीन चिलाप्या मिळाल्या, तळहाताएवढ्या. काकांना दोन रोहू आणि एक कटला लागला, तिन्ही परत पाण्यात. मामा बाजूला बसून बिडी ओढत मोजत होते.

घरी आईने पिशवी उघडून बघितली. ‘एवढ्यासाठी पेट्रोल जाळलंस?’ मग काट्यांना शिव्या देत तिखट-मीठ लावून तळल्याही तिनेच. पुढच्या रविवारी मामांसाठी चहाचा थर्मास न्यायचा आहे. आणि कणीक जरा घट्ट मळायची, माझी गोळी फार लवकर विरघळते.